जनरेटरवरचं घड्याळ

अरे, आमच्या लालबागच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ विजेवर चालतं, त्याला सेल लागत नाही. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, म्हणून गॅलरीत छोटा जनरेटर लावला. नेमकी त्याच दिवशी मुलगी सासरी कुडाळला निघाली होती. चारला खाली गाडी येणार होती.

जेवणं झाल्यावर बायको गॅलरीत गेली आणि इंजिनाचा वेग कमी करून आली. पंखा सुस्तावला.

मी म्हटलं, "अगं, इंजिन हळू फिरलं की घड्याळही हळू चालतं."

ती पुटपुटली, "ठावूक आसा माका. चलांदे."

मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. काटे पेंगत पेंगत सरकत होते. इंजिनाच्या त्या घरघरीत मलाही वाटलं, ती अजून शाळेतच जाते.

शेवटी घड्याळात चार वाजले. खाली हॉर्न काही वाजला नाही.

बायको म्हणाली, "गाडी खंय रवली गो?"

मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "आई, तू इंजिन हळू केलंस ना, तेव्हाच मी ड्रायव्हरला फोन केला. पाचला ये म्हटलं."