वाइनची नळी

…आणि वर मलाच विचारतात, "वास कसला येतोय?" कसला म्हणजे? पेट्रोलचा! दुसरा कसला येणार? तुम्हाला सांगते, आमच्या बेटावरच्या पुरुषांना दोनच वाक्यं येतात. एक, "जेवायला काय आहे?" आणि दुसरं, "काही होत नाही!" छप्पर गळतंय? काही होत नाही! दाढ ठणकतेय? काही होत नाही! आणि आमचे हे, प्रोश्पेर, यांनी तर त्यात डॉक्टरेट केलीय!

आता बघा, आमचा द्राक्षमळा समोरच्या छोट्या बेटावर. सप्टेंबरात द्राक्षं तोडायची, होडीत भरायची नि त्याच दिवशी घरी आणायची, नाहीतर उन्हात क्रेटातच आंबायला लागतात. आणि यंदाची द्राक्षं म्हणजे साधी नव्हेत हो, जानेवारीत आमच्या लेकीचं, येलिनाचं लग्न! लग्नात वाइन घरचीच, असं मी गावभर सांगून बसलेली!

आणि नेमकी निघायच्या सकाळी इंजिनाची पेट्रोलची रबरी नळी चिरलेली निघाली. मी म्हटलं, दुकानातून नवी आणा. पण नाही! माझा दीर विच्को आला डुलत डुलत, "वहिनी, दुकान कशाला? आहे की नळी!" आणि चिरलेला तुकडा कापून मधे बसवायला तळघरातून काय आणावं या शहाण्यानं? पिंपातली वाइन ओढायची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी! का, तर म्हणे, "पेट्रोल जाताना दिसतं." दिसतं! अरे, त्यात मासे सोडायचेत का तुला?

माझा बाप जन्मभर होडीवर होता, प्लॅस्टिक नि रबर कसं जोडतात ते मला शिकवायला नको. एक तर नळी पेट्रोलसाठीच बनवलेली हवी, वाइनची नव्हे, वाइनची पेट्रोलनं खराब होते. मधे पितळेचा जोड लागतो, दोन्ही टोकांना कंगोरे असलेला. प्लॅस्टिकचं टोक गरम पाण्यात धरायचं, मऊ पडलं की कंगोऱ्यांच्या पार पुढं चढवायचं, दुसऱ्या टोकावर रबर, आणि वरून स्टीलच्या पट्ट्या स्क्रूनं आवळायच्या. संपलं! आणि या दोघांनी काय केलं? प्लॅस्टिक रबरात खुपसलं नि वर वेली बांधायची तार गुंडाळली! मी म्हटलं, "अहो, सुटेल ते!" हे म्हणतात, "तोंका, काही होत नाही!"

येताना, भर समुद्रात, फुर्र… फुर्र… फुस्स! नळी निसटली, होडीच्या तळाला पेट्रोल डचमळतंय, वर द्राक्षांचे क्रेट, क्रेटांवर मी! आणि आमच्या यांनी काय करावं? विचार करायला सिगारेट काढली! हो! लायटरवर अंगठा! मी अशी झडप घातली की लायटर थेट पाण्यात. त्यावर विच्कोनं काय म्हणावं? "वहिनी, चांगला लायटर होता हो तो." मी म्हटलं, "वल्ही घे, नाहीतर लायटरच्या मागोमाग तू!" वल्ही कुठं? क्रेटांच्या खाली! मग क्रेट उचला, इकडचे तिकडे करा… घाबरले होते हो मी, खोटं कशाला सांगू. पण आणली वल्हवत, द्राक्षं शाबूत आणली! दुसऱ्या दिवशी मी स्वतः पेट्रोलची नळी नि पितळेचा जोड आणून बसवला, आणि ती वाइनची नळी यांच्या हातात देऊन म्हटलं, "कचऱ्यात टाका."

आता कचऱ्यात टाका म्हटल्यावर कचऱ्यात टाकेल असा एक तरी माणूस यांच्या खानदानात जन्मलाय का?

नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण आला, नवी वाइन चाखायचा. आमचे होणारे व्याही शिमे शेजारच्या बेटावरून खास लग्नाची वाइन चाखायला आले. यांनी ऐटीत ग्लास पुढं केला. व्याह्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मला विचारलं, "वास कसला येतोय?" मी यांच्याकडं बघतेय, हे छताकडं. धावले तळघरात, तर खिळ्याला तीच नळी! धुऊन, पुसून, लटकतेय!

"अहो, ही इथं कशी?"

"साबणानं धुतली होती गं. चांगली नळी, टाकायची कशाला? परवा गाळावरून वाइन दुसऱ्या पिंपात उतरवली, तेव्हा…"

"किती उतरवली?"

"सगळी."

सगळी! अहो, वर्षाची मेहनत, पोरीच्या लग्नाची वाइन! मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले. तेवढ्यात वरून व्याह्यांचा आवाज, "विहीणबाई, आणखी एक ग्लास आणा हो! आमच्याकडचीही अशीच लागते. काही होत नाही!"

आता हे, विच्को नि व्याही, तिघांचं ठरलंय, लग्नात हीच ठेवायची. ठेवा बापड्यांनो! मी वाद घालणं सोडलंय. येलिनाला तेवढं सांगून ठेवलंय, बाई गं, टेबलांवर फुलं ठेव हवी तेवढी, पण मेणबत्त्या लावू नकोस.