धुतलेली माती

नाही, भेसळ आहे म्हणजे आहे. मला वाळू-माती शिकवू नकोस, पोरी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय — ओंजळीत घेतली की सांगतो, किती माती आणि किती खडा. ही तुझ्या दुकानातली पिशवी, शोभेच्या कोळंब्या पाळायच्या काचेच्या टाकीत तळाला घालायची, काळे बारीक दाणे — काल बादलीत ओतली, पाणी घातलं, रगडून धुतली. पाणी काळं. पुन्हा धुतली, पुन्हा काळं. सात वेळा पाणी बदललं आणि शेवटी उरलं काय? चिखल. भिंतीला लिंपला असता तर बसला असता.

धुवायची नसते? कोण म्हणतं? पिशवीवर लिहिलंय — असेल. चष्मा घरी राहिला. काल धुताना? काल मी घरीच होतो, पण... तू पुढचं बोल.

हं. मातीच ती, दाणे करून जेमतेम भाजलेली. मग वाळू का नको? वाळू मी उत्तम धुतो. नाहीतर ती संगमरवराची खडी, देखणी आहे — पाणी जड करते? आणि या कोळंब्यांना हलकं लागतं. वाळू काहीच करत नाही, माती पाणी हलकं ठेवते. म्हणजे मातीच. सूनबाईनं उगाच नव्हती निवडली. चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेलीय, उद्या येतेय. जाताना म्हणाली, बाबा, नव्या टाकीत एवढी माती पसरून ठेवाल? वर्ष झालं लग्नाला — जेवायला वाढते, गोळ्यांची आठवण करते, पण काम म्हणून हे पहिलंच सांगितलं. मग मी काय हातचं राखून धुणार?

दे तशीच एक पिशवी. — काळी संपली? तपकिरी? मग ओळखेल ती. सांगतो, पहिली खराब निघाली म्हणून. — अशी बघू नकोस. तुझ्या दुकानाचं नाव जाईल, कळतं मला. बरं, सांगेन, मीच धुतली. हसेल. हसू दे, माझ्यासमोर अजून मोकळं हसलेली नाही ती.

कागद ठेव तो. तोंडी सांग. मातीचा थर पुढे दोन बोटं, मागे चार, वर बशी ठेवून तिच्यावर पाणी हळू सोडायचं. झालं पाठ. आता बाजूला हो, दार अडवून उभी आहेस.