घाबरलेल्यांनीच दोराला हात लावायचा

वहिनी, आपल्या बचाव पथकातले सगळे, आणि कशेळ्याहून आलेले गावकरी. मला सभेत बोलायची सवय नाही. आज तर आवाज लागेल की नाही तेही माहीत नाही. म्हणून आधी घडलं ते क्रमाने सांगते.

१. गेल्या आठवड्यात, सोमवारी पहाटे आपल्या पथकाचे प्रमुख सुदामदादा घरी झोपेतच गेले. दरीत नाही, दोरावर नाही.

२. शनिवारी फोन आला. कड्यावर दोघे जण अडकले होते. आपण सात जण पोचलो.

३. सातही जण म्हणालो, 'मी ठीक आहे.' गाठ दोनदा चुकली. दोर खाली सोडलाच नाही.

४. दुसऱ्या पथकाने त्या दोघांना वर काढलं. ते सुखरूप आहेत.

५. तेव्हापासून आपल्यातले तिघे पथक सोडायचं म्हणतात.

दादांचा नियम तुम्हाला माहीत आहे. उतरण्याआधी प्रत्येकाने काय वाटतंय ते मोठ्याने सांगायचं. पथकातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मला काही वाटत नाही." दादा म्हणाले, "मंग वर थांब. चहा कर."

मी म्हणाले, माझं प्रशिक्षण झालंय.

"झालंय गं. पन हात बघ तुजे. तोंड म्हनतं नाय, हात म्हनतात हाय."

दिवसभर मी चहा केला. तुम्ही तो नावाजलाही नाहीत.

मी दवाखान्यात मेंदूच्या लहरींची तपासणी करते. भीती आधी येते, विचार मागून येतो. मेंदूच्या आतून ती उठते. कपाळामागचा भाग तिला आवर घालू शकतो, पण काय आवरायचं ते आधी कळायला हवं. नुसती दाबली तर चेहरा शांत दिसतो, छाती धडधडतच राहते. सगळं लक्ष दाबण्यात जातं. मग गाठ चुकते. तिचं नाव घेतलं की बहुतेक वेळा ती थोडी उतरते. 'मी पडणार' याऐवजी 'उंची आहे, हात थरथरतात, दोर पक्का आहे' असं म्हणता येतं. भीती जात नाही. हातात येते.

हे मी दादांना एकदा समजावलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "म्हंजी मी म्हनतो तेच. आता तुज्या मशीनला इचार, चहा कवा होनार?"

अंत्यविधीच्या दिवशी सगळे वहिनींना म्हणत होते, सावरा, सावरा. वहिनी म्हणाल्या, "सावरते. आदी रडू तर द्या."

त्या घरात नियम पाळला गेला. आपण पाळला नाही. शनिवारी दादा असते, तर सातही जणांना वर बसवलं असतं. खाली सोडलं असतं ते 'भीती वाटते' म्हणणाऱ्यालाच.

मी सुरुवात करते. मला भीती वाटते. वर दादा नसताना खाली उतरायची. त्यांची आठवण येते.

आता उभे राहून थोडा वेळ शांत राहू या. त्या वेळात प्रत्येकाने स्वतःला विचारावं, काय वाटतंय.

आणि पथकात राहणार की नाही, ते येत्या रविवारपर्यंत मला कळवा. दोन्ही उत्तरं चालतील. 'मला काही वाटत नाही' हे उत्तर मी घेणार नाही.