सातचा खटका

मध्यभारत राज्य नवीन होतं तेव्हाचं सांगतो. आमच्या उज्जैनच्या कचेरीत सरासरी काढायचं यंत्र आलं. सोबतच्या पत्रकात अटी होत्या: धूळ नको, ओल नको, टेबल सपाट हवं. खंडेनवमीला कारकून बापटांनी यंत्राची पूजा केली आणि सातचा खटका अडकला. गव्हाचे आकडे संध्याकाळच्या गाडीने ग्वाल्हेरला जायलाच हवे होते.

“बापट, अटी वाचल्या नव्हत्यात?” साहेब ओरडले.

“वाचल्या ना! अक्षतांचं कुठे लिहिलंय?”

शिपाई रामलाल म्हणाला, “बाबूजी, उलटा करके झुलाओ, जैसे बच्चे को झुलाते हैं.”

आम्ही झुलवलं. एकेक तांदूळ टेबलावर टपटपू लागला आणि सगळी कचेरी अर्धवट झोपेत असल्यासारखी ऐकत राहिली. अखेर खटका सुटला, आकडे वेळेवर गेले.

साहेबांनी पत्रकाखाली स्वतः नवी अट लिहिली: ‘अक्षता दुरून वाहाव्यात.’