पाचावरचं टिंब

विमल : अजी, बोट सोडा! सोडा लवकर! अक्काले लागून राह्यला तो.

मारोतराव : कोण अक्का?

विमल : तुमची बहीण, उमरखेडची. दुसरी कोण? दोन दाबून धरला की मी, तीन दाबून धरला की अक्का. तुमी तीन धरला. आणा इकडे, लाल बटन मीच दाबते. हं, झाला बंद.

मारोतराव : मंग ठेव तो फोन फळीवर. कितीक वेळा सांगू, मले दिसत नाही. समोर नुसतं धुकं हाये. त्या धुक्यात मी तुहा दोन कुठं धुंडू?

विमल : डॉक्टरनं सांगतलं ना, नजर हळूहळू वापस येईन म्हणून. त्या दिवशी वारा उलटा होता, फवारणीचं औषध सारं तोंडावर आलं. ते काय दोन महिन्यात निघते?

मारोतराव : नजर येईन तवा पाहू फोनचं.

विमल : तवापर्यंत कापूस थांबन का? बोंडं फुटून लोंबून राह्यले. उद्यापासून वेचणी. बाया भेटत नाही, कशाबशा चार भेटल्या. मी नाही गेली त त्याही दुसऱ्याच्या वावरात जातीन.

मारोतराव : मी काय तुले बांधून ठेवलं? जाय ना.

विमल : अन् तुमी एकटे? परवाची गोष्ट भुलले? मी चक्कीवर गेलती. पीठ घेऊन आली त तुमी मोरीत पडलेले. अर्धा तास, अजी! अर्धा तास ओल्या फरशीवर!

मारोतराव : हाक मारली होती मी.

विमल : कोणाले? पांडुरंगाले?

मारोतराव : आधी तुले. मंग पांडुरंगाले.

विमल : त्याचं मले माहीत नाही. मी त चक्कीच्या घरघरीत उभी होती, मले नाही आलं आयकू. म्हणून म्हणते, आज हे शिकाच. उद्या सारं गाव वेचणीवर राहीन, शेजारी कोणी नाही. नाही जमलं त सकाळच्या गाडीनं तुमाले अक्काकडे नेऊन देते. तिले सांगून ठेवलं हाये; वेचणी होईपर्यंत तिथंच राहा.

मारोतराव : नाही जाणार मी.

विमल : अक्का काय परकी हाये?

मारोतराव : अक्का परकी नाही व, पण तिचं घर माह्या हाताले परकं हाये. इथं खांबाले हात लागला की समजते चूल कुठं, देव कुठं. तिथं मी गाठोडं होईन. उचलून ठेवलं त ठेवलं.

विमल : मले का हौस हाये? तुमी तिकडे गेले त इथं मले एकटीले भाकर गोड लागन का?

मारोतराव : मंग?

विमल : मंग शिका. आमच्या बचत गटात मॅडमनं साऱ्या बायाईले शिकवलं. रुपीबाई त पहिले आठ दिवस उलटा धरून बोले, तिलेही जमलं.

मारोतराव : बरं मास्तरीणबाई. घ्या शाळा.

विमल : चार्जिंगले लागला असन तवा कानाले लावायचा नाही. हे एक. अन् बँकेचा, कार्डाचा, फोनवर आलेला कोणताही नंबर कोणाले सांगायचा नाही. साक्षात देव विचारून राह्यला तरी नाही.

मारोतराव : देव कायले बँकेचा नंबर विचारन?

विमल : तेच त! जो विचारते तो देव नाही, अन् बँकवालाही नाही. आता बोट द्या इकडे. ह्या बटनाईवरून फिरवा. सावकाश. दाबू नका.

मारोतराव : सारे सारखेच लागते. बारा शेंगदाणे.

विमल : मधातला पाहा. काही वेगळा लागते का?

मारोतराव : टिंब हाये त्याच्यावर. कणीएवढं.

विमल : खरंच की! पाचावर हाये. माहा फोनही असाच, इतके दिवस वापरते, मले नाही दिसलं.

मारोतराव : पाच? मधात? थांब. बोलू नको.

विमल : काय झालं?

मारोतराव : थांब व जरा. पाच म्हणजे प. डाव्या हाताले चार, म. उजव्या हाताले सहा, ध. वर काय हाये?

विमल : वर दोन.

मारोतराव : रे. त्याच्या बाजूले एक, सा. इकडे तीन, ग. खालच्या ओळीत सात म्हणजे नी, आठ वरचा सा, नऊ वरचा रे. विमल, अवं हे त पेटी हाये! तीन-तीन पट्ट्या तोडून एकाखाली एक बसवली, एवढंच.

विमल : धन्य हाये तुमची. आता फळीवर ठेवत होते ना?

मारोतराव : भगवानराव बुवाच्या कीर्तनात पंचवीस वर्षं पेटी धरली मी. एक दिवस तरी पट्टीकडे पाह्यलं का? बुवाच्या तोंडाकडे पाहो. ते कुठं थांबते, कुठं गहिवरते, ते पाहो. बोटं आपली आपण जाये. सांग, तुहा नंबर सांग.

विमल : नंबर कायले? दोन दाबून धरा की झालं.

मारोतराव : अन् हा फोन पडला, फुटला, कोणाचा मागून घ्यावा लागला त? दुसऱ्याच्या फोनात दोन म्हणजे त्याची बायको.

विमल : काहीही बोलता! पण मॅडमही तेच म्हणे, नंबर फोनात ठेवा पण डोक्यातही ठेवा. घ्या मंग. नऊ, चार, दोन, दोन, शून्य, पाच...

मारोतराव : शून्य म्हणजे खाली. ताल धरताना हात मोकळा सोडते ना, ती खाली. वरचा रे, म, रे रे... खाली... प. अरे वा! तुहा नंबर त सारंगात हाये.

विमल : कोण सारंग?

मारोतराव : राग व, राग. दुपारचा. काल्याच्या कीर्तनाले ऊन डोक्यावर आलं की बुवा यातच चाल धरत. पुढं?

विमल : पुढचे सावकाश सांगते. शेवटी दोन, एक.

मारोतराव : रे, सा. आली समेवर. आता मले तू विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

विमल : एकशे आठही पाह्यजे. ॲम्बुलन्सचा.

मारोतराव : सा, खाली, वरचा सा. हे त पाळण्यातलं लेकरू गाईन.

विमल : गा मंग. फवारणीच्या त्या दिवसापासून घरात सूर नव्हता.

मारोतराव : विमल? रडून राह्यली का तू?

विमल : कांदा चिरून राह्यली.

मारोतराव : विळीचा आवाज त नाही आला.

(दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. विमल वावरात, मारोतराव घरी. फोन लागलेला आहे.)

विमल : अजी! काय झालं? पडले का?

मारोतराव : नाही, नाही. उभा हावो.

विमल : मंग दम काहून लागला?

मारोतराव : तीनदा चुकलो. एकदा कोण्या बाईले लागला. तिले म्हटलं, माय, माफ कर, सूर हुकला. ती म्हणे, पुन्हा धरा, काका.

विमल : दोन दाबून धरायचा होता की!

मारोतराव : मले पुरा वाजवायचा होता.

विमल : माहा त जीवच गेलता. कापसाचं चुंगडं टाकून धुऱ्या-बांधावरून घराकडे पळत सुटली मी.

मारोतराव : अन् आयक, सकाळी एकाचा आलता. म्हणे, बँकेतून बोलतो, तुमचं कार्ड बंद होऊन राह्यलं, फोनवर नंबर आला तो वाचून सांगा.

विमल : अवं माय! सांगतला का?

मारोतराव : म्हटलं, बाप्पा, मले दिसत नाही, अन् दिसलं असतं तरी सांगतलं नसतं. पण तू आठवणीनं फोन केला, त बस, देवाचे दोन शब्द आयकून जाय. अन् नमन धरलं.

विमल : मंग?

मारोतराव : पूर्वरंगातच उठून पळाला गडी.

विमल : थांबा, थांबा, बायाईले सांगते. अवं रुपीबाई, आयक हे... आयकलं का, कशा हासून राह्यल्या त्या? रुपीबाई म्हणते, तिलेही असे फोन येते, तुमचाच नंबर देते त्याईले.

मारोतराव : दे म्हणा. श्रोते पाह्यजेच.

विमल : जेवले का?

मारोतराव : जेवलो. ताट धुतलं. भिंत धरून मोरीत गेलो, भिंत धरून वापस आलो.

विमल : मंग संध्याकाळी अक्काले फोन करून सांगू ना, नाही येत म्हणून?

मारोतराव : तिले मघाच लावला मी. रडली. म्हणे, भाऊ, आवाज बरा झाला तुहा.

विमल : बरं, ठेवा आता. कापसाची ओळ अर्धी राह्यली माही. लाल बटन वर उजव्या हाताले हाये.

मारोतराव : तू ठेव.

विमल : तुमी लावला, तुमी ठेवा.

मारोतराव : मंग राहू दे चालू. कमरेले खोच अन् वेच तू. मी आयकतो.