समताच्या केकवरचं लोणी

—नाई नाई धम्मशीलाताई, केक झालाच हाय, तुमी बसा. जय भीम म्हणायचंही राह्यलं पाहा. चहा टाकू? नको? मग दाराकडं काऊन पाहून राह्यल्या—तुमच्या समताचा वाढदिवस संध्याकाळी हाय ना, मग. मी काई जास्त बोलत नाई, अख्खं देऊळघाट म्हणते प्रसेनजितची बायको मुकी हाय का—पण आज तोंड थांबूनच नाई राह्यलं. माही पहिली ऑर्डर ना. सासूबाई म्हणल्या, ही नीट गेली तर समोरची कांद्याची खोली तुह्या केकले, नाई तर चुपचाप बी.एड. कर.

हाव, क्रीमचाच सांगितला होता तुमी. डेअरीतून म्हशीच्या दुधाची घट्ट क्रीम आणली, भांडं बर्फात ठेवलं, बीटर फिरवलं—क्रीम कशी, फुगत फुगत जाते, बीटर वर काढलं का शेंडा उभा राहते, तिथंच थांबा लागते. शेंडा येतच होता आन् लाईट गेली. म्हणलं तोवर गच्चीवर टॉवेल वाळू घालून येते. दोन टॉवेलले कितीक वेळ लागते? नाई, एवढा नाई लागत. पण हे बी गच्चीवरच होते ना, टाकीतलं पाणी पाहाले गेलते. पाणी होतं का नव्हतं, मले काय माहीत—जाऊ द्या, काय सांगून राह्यली मी तुमाले.

खाली सासूबाईनं पाह्यलं, सून काई येत नाई, बर्फाचं पाणी होऊन राह्यलं. मले हाक नाई मारली बरं. काऊन नाई मारली ते त्याइलेच माहीत, मी तर तवापासून त्याइच्या तोंडाकडं पाह्यलं नाई. रवी काढली आन् बसल्या घुसळत. जन्मभर ताक केलेला हात, तो शेंड्यावर थांबते का? मी आली तर म्हणतात, "पोरी, पाय, कसा गोळा आला." एवढ्या खूश, का मले रडूही येईना. हसलीच. मग त्याही हसल्या, पदर तोंडाले लावून.

मग काय, लोणी थंड पाण्यात धुतलं, पिठीसाखर घातली, लाईट आल्यावर फेटलं. वरून बीटच्या रसानं समताचं नाव. दिसते तर पांढरंशुभ्र, कोणाले कळणार नाई—सांगणारच नव्हती मी. सांगून बसली.

हे भांडं घ्या, बोट लावून पाहा. नाई आवडलं तर सरळ सांगा, मी वाईट नाई मानत—मानते, पण सांगा. अं? पुन्हा बोट लावलं तुमी. आई, ताईनं पुन्हा बोट लावलं.

आयकलं का ताई? सासूबाई पोतं ओढून राह्यल्या. समोरच्या खोलीतले कांदे बाहेर काढून राह्यल्या, एकट्याच, या वयात. उठा बरं तुमी, हा डबा घ्या, आडवा नका करू, उन्हात नका नेऊ—आता या, मले पोत्याचं दुसरं टोक धरा लागते.