रत्नाकरदादांची सतरा नंबरची वही

जयभीम. सगळ्यांना जयभीम.

रत्नाकरदादांच्या आदरांजली सभेला आज विहारात बसायला जागा उरली नाही. मागे जिन्यावरपण लोक उभे आहेत. कामतघरचे तर सगळे आहातच. वडप्याच्या गोदामातून हाफ डे टाकून आलेली मुलं दिसतायत. निजामपुऱ्यातले दादांचे शाळासोबती आलेत. बरं वाटलं. आणि खरं सांगू का, भीतीपण वाटली. एवढ्या माणसांसमोर बोलू का नको, असं माझं सकाळपासून चाललंय.

मी सुजाता. पलीकडच्या गल्लीतली. इथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पीएचडी करायला दादांकडे गेलेली मी पहिली मुलगी. आणि ती अर्धी सोडून आलेलीपण मीच.

माझ्या आधी चार जण बोलले. दादा थोर संशोधक होते, म्हणाले. होतेच. पण सभेच्या सुरुवातीला भन्तेजींनी आपल्याकडून पंचशील म्हणवून घेतलं. चौथं शील काय आहे? खोटं बोलणार नाही. मीपण हात जोडून म्हटलं. आता लगेच उठून अर्धंच सांगायचं, ते मला जमणार नाही. शोभावहिनी समोर बसल्यात. त्यांना मी कालच सगळं सांगितलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोल. पण माझ्यासमोर बोल. पाठीमागं न्हाय."

म्हणून बोलते.

दादा काय करायचे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. एमआरआयचं कायतरी, एवढंच आपण म्हणतो. दादांची आई घरी बसून लूमच्या कांड्या भरायची. दादा शाळेत जाताना डाईंगचं रंगीत पाणी गटारातून वाहताना बघायचे. त्या पाण्यात तांबं असतं, क्रोमियम असतं. ते पकडायचं कसं? तिथून सुरुवात झाली. कुठला रेणू कुठल्या धातूला धरून ठेवतो, किती घट्ट धरतो, यात त्यांची पहिली कितीतरी वर्षं गेली. मग ते एमआरआयकडे वळले. फोटो स्पष्ट यावा म्हणून पेशंटला एक इंजेक्शन देतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. सुटा असला तर विषारी. म्हणून त्याला रेणूनं चारी बाजूंनी धरायचं. शरीरात जायचं, फोटो काढून घ्यायचा, आणि न सुटता लघवीवाटे बाहेर पडायचं. दादा मला शिकवताना मुठीत गोटी धरायचे आणि म्हणायचे, "काढून दाखव." निघायची नाही. मी अकरावीत होते तेव्हा.

त्याच वर्षी त्यांनी मला काचेची भांडी धुवायला शिकवलं. हसू नका. केमिस्ट्रीत निम्मं काम तेच असतं. आधी साबण, मग ॲसिड, मग डिस्टिल्ड वॉटर, तीनदा. मी म्हटलं, दादा, बाकीचे तर एकदाच धुतात. ते म्हणाले, "बाकीच्यांना चालतं. लोक आपली चूक आधी शोधतात, सुजाता. आपण तीनदा धुवायचं."

मी तीनदा धुतलं. कायम.

पुढे मी पीएचडीला त्यांच्याकडे गेले, तेव्हा दादांनी नवा रेणू केला होता. त्यांचा स्वतःचा. पेपरात बातमी आली होती, याच विहारात शाल दिली होती आपण. मला त्यांनी काम दिलं: हा रेणू धातूला शेवटपर्यंत धरून राहतो का, ते तपास. शरीराएवढी ऊब ठेवायची, पाणी किंचित आंबट, आणि काही दिवस थांबायचं. मग त्यात एक पिवळा रंग टाकायचा. पिवळा राहिला तर ठीक. जांभळा झाला तर धातू सुटला.

तो जांभळा झाला.

मी धावत दादांकडे गेले. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भांडं नीट धुतलं नव्हतंस."

मी म्हटलं, सर, धुतलं होतं. लॅबमध्ये मी त्यांना सर म्हणायचे. ते म्हणाले, "आधीचा धातू राहिला असणार काचेला." मी म्हटलं, परत करून बघते. "नको. नमुना थोडाच उरलाय. तू आता याला हात लावू नकोस."

मला दुसरं काम दिलं. पण माझं कशातच लक्ष लागेना. फ्लास्क हातात घेतला की वाटायचं, धुतला का मी? दोनदा का तीनदा? दोन महिन्यांत मी पीएचडी सोडली. दादांनी एकदाही थांब म्हटलं नाही. मला वाटलं, माझी लाज राखतायत. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "घरात तुझ्यासारखी भांडी कोन घासत न्हाय. मंग तिकडंच कशी मळकी ऱ्हायली?"

बघा. माझ्या न शिकलेल्या आईला जे सरळ दिसलं, ते मला दिसलं नाही. मी दादांवर विश्वास ठेवला. आईवर नाही, माझ्या हातांवरपण नाही.

याला तेरा वर्षं झाली. कॉलेजच्या लॅबमध्ये आमचे अटेंडंट रफिकभाई मला हसतात. "मॅडम, अब तो काँच भी घिस जाएगी." मी अजून पाच-पाच वेळा धुते. मग उजेडात धरून बघते, आणि परत धुते.

मागच्या आठवड्यात विहाराच्या कमिटीनं ठरवलं, दादांच्या वह्या आपल्या अभ्यासिकेत ठेवू. पोरांना बघू दे. वहिनींनी ट्रंक मला दिली, नंबरवार लाव म्हणाल्या. दादा आकडे इंग्रजीत लिहायचे आणि मनातलं मराठीत. सतरा नंबरची वही माझ्या वेळची निघाली. सोमवारी मी त्यांना जांभळा फ्लास्क दाखवला होता. गुरुवारच्या पानावर त्यांचं बारीक अक्षर: "सुजाताचा प्रयोग, परत. नवी भांडी, खोक्यातून काढलेली." पुढे आकडे. खाली: "जांभळा." काही दिवसांनी त्याच पानावर, परत केला. "जांभळा." तिसऱ्यांदा केला. त्याखाली दोनच शब्द आहेत.

"सुजाता बरोबर."

मंडळी, ट्रंकेपाशी बसून मी ते पान तीनदा वाचलं.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कोणी घाबरेल. तो रेणू कुठल्याही पेशंटला दिला गेला नाही. दादांनी गुपचूप बाजूला ठेवला. मग त्यांनी नवा केला, कड्यासारखा बंद, धातूला आत कोंडून ठेवणारा. तोच त्यांचा गाजलेला रेणू. त्याच्या सत्कारात याच माइकवरून ते म्हणाले, "मला एकदम सुचलं." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवत होते.

एकदम सुचलं? एकदम कसं सुचेल, दादा?

का केलं असेल, ते मला समजतं. आपल्यातला पहिला प्रोफेसर. पेपरात फोटो आलेला. घसरतो कधी, म्हणून बघत बसलेले लोक चहूकडे. चूक कबूल करायची भीती वाटली असेल. समजतं मला. पण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही. चूक रेणूत निघाली आणि खापर माझ्यावर फुटलं. कारण लोक आपली चूक आधी शोधतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. परक्यानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. दादा म्हणाले, म्हणून मी मान खाली घातली.

तुमच्या घरापासून माझं घर चालत दहा मिनिटं, दादा. माझ्या लग्नात तुम्ही जेवलात. माझ्या मुलीचं नाव तुम्ही सुचवलंत. माझ्या कॉलेजात पाहुणे म्हणून आलात आणि पोरांना सांगितलंत, मॅडमसारखं काळजीपूर्वक काम करा. त्या दिवशी तरी माझ्याकडे बघून सांगायचं होतं. मी कोणाला बोलले नसते. शालपण परत मागितली नसती कोणी. मला फक्त माझे हात परत मिळाले असते.

काल मी वहिनींना विचारलं, ही वही ट्रंकेतच ठेवू का? लोक काय म्हणतील? वहिनी म्हणाल्या, "सतरा नंबर काढलास तर मी बाकीच्यापन देनार न्हाय." त्यामुळे अभ्यासिकेत सगळ्या वह्या राहतील. सतरावीसुद्धा. ज्या पोरांना शास्त्र शिकायचंय त्यांनी ते पान बघा. तीनदा कसं तपासतात, ते तिथे आहे. तपासून झाल्यावर काय करायचं असतं, ते तिथे नाही. ते कोणीतरी तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून मी आज बोलले.

दादांनी मला केमिस्ट्री दिली. ती मी रोज शिकवते, आणि रोज त्यांची आठवण येते. दोन्ही खरं आहे. आज मी फूल वाहिलेलं नाही. वाहीन कधीतरी. आज नाही होणार.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. मोबाइल बंद करा. गप्प राहणं दादांना जमत होतं. तेरा वर्षं राहिले. आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं राहू.